खोली सोडायच्या आधी विधी सेवा प्राधिकरणात जा

ताई, तुम्ही लिहिलंय की बहीण नाशिकच्या सिडको भागात भाड्याच्या खोलीत राहते, नवरा दारू पिऊन मारतो, चार महिन्यांचं भाडं थकलंय आणि घरमालकाने महिनाअखेर कुलूप लावायची धमकी दिली आहे. वर नवरा म्हणतो, करार माझ्या नावावर आहे, तू माहेरी जा. वकिलाला द्यायला पैसे नाहीत, मग काय करायचं, हा तुमचा प्रश्न. मी नाशिकमध्ये विधी स्वयंसेवक म्हणून काम करते आणि अशा बायकांसोबत कोर्टात जाते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हे बहिणीला सांगा: जिवाला धोका नसेल तर खोली सोडू नकोस. बाहेर पडली तर कायद्याने हक्क संपत नाही, पण परत आत शिरणं फार कठीण जातं. धोका असेल तर मात्र क्षणभरही थांबू नका. ११२ ला फोन करा, मुलं आणि कागद घेऊन निघा. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे आणि सखी वन स्टॉप सेंटरमध्ये काही दिवस राहायची सोय होते.

आता वकिलाचं. सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती बस स्थानकाजवळ जिल्हा न्यायालय आहे, तिथेच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. गेटवर कुणालाही विचारा. बहीण निफाड, येवला किंवा सिन्नरला असती तर तिथल्या कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीकडे जाता आलं असतं. १५१०० वर फोन करूनही माहिती मिळते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने महिलेला मोफत वकील मिळतो आणि तिच्यासाठी उत्पन्नाची कुठलीही अट नाही. हे ठामपणे लक्षात ठेवा, कारण उत्पन्नाचा दाखला आणायला सांगितलं की कित्येक बायका तिथूनच घरी फिरतात आणि परत येत नाहीत. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि अपंग व्यक्तींनाही ही अट नाही. इतर बहुतेक पुरुषांसाठी महाराष्ट्रात वार्षिक ३ लाखांची मर्यादा आहे. वकिलाची फी, कोर्ट फी, टायपिंग, नकला, सगळा खर्च प्राधिकरण करतं. पॅनेलवरच्या वकिलाने पैसे मागितले किंवा तारखांना येत नसेल, तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा आणि वकील बदलून मागा. ते सचिव न्यायाधीश असतात, अर्ज वाचतात.

नवऱ्याचं "करार माझ्या नावावर" हे बोलणं ऐकून बायका गप्प बसतात, आणि ते चुकीचं आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात ज्या घरात ती नवऱ्यासोबत राहते ते 'सामायिक घर' धरलं जातं. ते भाड्याचं असलं तरी, आणि करारावर तिचं नाव नसलं तरी. तिला तिथे राहायचा हक्क आहे. मॅजिस्ट्रेट नवऱ्याला तिला बाहेर काढण्यापासून रोखू शकतात, मारहाण थांबवायचा आदेश देऊ शकतात, त्यालाच घराबाहेर राहायला सांगू शकतात. आणि तुमच्या बहिणीसाठी सगळ्यात उपयोगाचं म्हणजे, कलम १९ खाली त्याला भाडं भरायचा किंवा तिच्यासाठी तशाच दुसऱ्या घराची सोय करायचा आदेशही देता येतो. मुलांचा ताबा आणि खर्च मॅजिस्ट्रेटकडे करायच्या याच अर्जात मागा. दागिने, भांडी, तिचं जे काही त्याने अडवून ठेवलंय तेही. कायदा म्हणतो की अर्ज दिल्यापासून साधारण तीन दिवसांत पहिली तारीख लागावी. प्रत्यक्षात जास्त दिवस जातात, म्हणून अर्जासोबतच अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतच्या तात्पुरत्या आदेशाची मागणी करा. परिस्थिती गंभीर असेल तर नवऱ्याचं म्हणणं ऐकायच्या आधीही असा आदेश निघू शकतो. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

घरमालकाचं वेगळं आहे. त्याच्यावर मला राग नाही, चार महिने भाडं न मिळाल्यावर कुणीही वैतागेल. पण कुलूप लावायचा अधिकार त्याला नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे भाडेकरूला थकबाकीसाठी आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि ९० दिवस थांबावं लागतं, मगच दावा. दाव्याचं समन्स मिळाल्यावरही ९० दिवसांत थकलेलं भाडं १५ टक्के व्याजाने आणि दाव्याच्या खर्चासह भरलं, पुढे नियमित भरत राहिलं, तर त्या कारणावरून घर खाली करायचा हुकूम होत नाही. दिवे-पाणी तोडणंही बेकायदा आहे. भाडेकरूला जबरदस्तीने बाहेर काढलं तर सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागायचा दावा करता येतो.

करार मात्र नीट पाहा. नाशिकमध्ये बहुतेक खोल्या ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीपुरत्या राहायच्या परवानगीवर जातात. तसा असेल आणि मुदत संपली असेल तर हे ९० दिवसांचं संरक्षण धरून चालू नका. घरमालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा खोल्या खाली करून घ्यायचे अर्ज ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जातो. तिथलं समन्स आलं की ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागावी लागते, आणि मुदतीनंतर राहिल्याबद्दल दुप्पट रक्कम लागू शकते. समन्स कपाटात ठेवून दिलं तर सगळं एकतर्फी होतं. करार नोंदणी केलेलाच नसेल तर त्याची जबाबदारी घरमालकावर आहे, तेव्हा अटींवरून वाद झाल्यास उलट सिद्ध होत नाही तोवर भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. जमेल तेवढं भाडं आत्ताच यूपीआयने पाठवा, म्हणजे पुरावा राहील. रोख दिलंत तर पावती मागा.

कागदांचं सांगते. आधार, रेशनकार्ड, लग्नाचा पुरावा, भाडेकरार, असतील ते मेसेज. मार लागला असेल तर त्र्यंबक रोडच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जाऊन एमएलसी, म्हणजे मारहाणीची वैद्यकीय नोंद करायला सांगा. पोलिसांनी नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतली तरी तिची प्रत सोडू नका. अंबडच्या एका बाईकडे यातलं काहीच नव्हतं. तिने भिंतीवरचं कॅलेंडर आणलं. दुधाच्या नोंदींच्या बाजूला, ज्या दिवशी मार बसला त्या चौकटीत लाल पेनाने छोटा टिंब, आणि एका टिंबाखाली बारीक अक्षरात 'पक्कड'. वकिलांनी त्या तारखा धरून अर्ज लिहिला, आणि उलटतपासणीत ती एकदाही अडखळली नाही. बहिणीला आठवतील त्या तारखा आजच लिहून काढायला सांगा. नेमकी तारीख आठवत नसेल तर "पोळ्याच्या आदल्या दिवशी" हेही चालतं.

समुपदेशनात किंवा मध्यस्थीत "जुळवून घे" असं कानावर येईलच. समेट करायचा की नाही ते तिने ठरवायचं. तिला नको असेल तर "मला आदेश हवाय" एवढं म्हणावं. समेट केलाच, तर भाडं कोण भरणार आणि त्याने पुन्हा हात उचलला तर काय, हे लिहून घ्यावं. न वाचता सही करू नये.

बहीण घाबरून घराबाहेर पडत नसेल तर तुम्ही स्वतः जा. हिंसाचाराची माहिती संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे याच कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याला, कुणीही देऊ शकतं, खऱ्या भावनेने दिलेल्या माहितीबद्दल तुमच्यावर कारवाई होत नाही, आणि तिच्या वतीने अर्जही करता येतो. सकाळी कोर्ट सुरू होताना पोहोचा, दुपारनंतर गर्दी वाढते. आणि ते करारपत्र सोबत न्यायला विसरू नका, निदान त्याचा फोटो तरी बहिणीकडून आज रात्रीच मागवून घ्या.