जर्मन शिकणाऱ्यांनी एकमेकांचे उतारे तपासले तर चुकाच पक्क्या होतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: कोल्हापुरात जर्मनची ए-टू पातळी चालू आहे, बोलायला बऱ्यापैकी जमतं, पण कागद पुढं आला की हात थांबतो. म्हणून क्लासमधल्या चौघांनी दर आठवड्याला स्वतःबद्दल आठ-दहा ओळी लिहून एकमेकांना दाखवायचं ठरवलंय. पण सगळेच कच्चे, मग एकमेकांच्या चुकाच गिरवल्या जाणार नाहीत का?

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या ऑफिसात काम करते. आम्ही पाच जणांनी ए-टूपासून त्याच्या पुढच्या बी-वन पातळीपर्यंत, जवळजवळ दीड वर्ष, हेच केलं. दोघी नर्सिंगच्या, एक इलेक्ट्रिशियन, एक चिखलीचा शेतकऱ्याचा पोरगा आणि मी. राज्य सरकारनं 2024 साली जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून आमच्या क्लासला असेच सगळ्या कामाधंद्यांतले लोक येऊ लागलेत. दर रविवारी सकाळी रंकाळ्याच्या काठावर बसायचो, वह्या बदलायच्या, मग मिसळ.

दुसऱ्याची चूक आपण सहसा उचलत नाही, कारण ती लगेच खुपते. खरा घोळ होतो तो सगळ्यांची चूक एकच असते तेव्हा. आमची अशी चूक बहुतेक वेळा इंग्रजीच्या वाटेनं यायची.

मे महिन्यातली गोष्ट. मी भट्टीजवळच्या कामाबद्दल सात ओळी लिहिल्या आणि त्यात 'इश बिन हाइस' असं ठोकून दिलं. 'आय ॲम हॉट'चं सरळ भाषांतर. चौघांनी वही वाचली, चौघांनी मान डोलावली. सोमवारी मॅडमनी ते वाक्य पाहिलं, आधी तोंडावर हात धरला आणि मग हळूच सांगितलं की जर्मन माणूस याचा अर्थ 'मी कामातुर झालेय' असा घेईल. बरोबर वाक्य 'मिर इस्ट हाइस'. 'मिर' म्हणजे मला. आपण तरी उकडलं की 'मी गरम आहे' कुठं म्हणतो? 'मला गरम होतंय' म्हणतो. म्हणजे मराठी थेट धरली असती तर वाचले असते!

त्या दिवसापासून आम्ही इंग्रजीला मधून उठवलं. थंडी वाजते 'मला', जर्मनमध्येही 'मिर'. 'मी सहा वर्षांपासून इथं काम करते' यात आपण साधा वर्तमानकाळ वापरतो, 'झाइट' म्हणजे 'पासून' लावून जर्मनही तोच वापरतात. इंग्रजीतून गेलं की तिथं भलताच काळ येऊन बसतो. आणि 'वाइल इश म्यूडे बिन' म्हणजे 'कारण मी दमलेली आहे', शब्दाला शब्द, क्रियापद शेवटी.

पण मराठीवरही डोळे झाकून विसंबू नका. साध्या वाक्यात जर्मन क्रियापद दुसऱ्या जागेवर हवं असतं आणि आपला हात ते सवयीनं शेवटी नेतो. लिंगाचं तर काही विचारूच नका. चमचा आपल्याकडं तो, त्यांच्याकडंही 'डेअर ल्योफेल', तो. एवढ्यानं खूश व्हावं तर काटा त्यांच्याकडं ती आणि सुरी ते. पाठ करण्यावाचून इलाज नाही.

आता काय लिहायचं ते. पहिला महिना आम्ही 'माझं कुटुंब', 'माझा छंद' असलं लिहीत होतो. पाचही वह्या सारख्या, वाचताना जांभया. मग चिखलीच्या त्या पोरानं 2019 च्या पुरावर नऊ ओळी लिहिल्या. पाणी दारात आलं, वडील म्हैस जिन्यावरून गच्चीवर घेऊन गेले, म्हैस चढली, पण पाणी ओसरल्यावर काही केल्या उतरायला तयार होईना. पुस्तकात पुराचा शब्द नव्हता, तो शोधावा लागला: 'होखवासर', म्हणजे सरळ 'उंच पाणी'. म्हशीसाठी त्यानं 'डेअर ब्युफेल' लिहिलं. तो शब्द पुल्लिंगी, त्यामुळं पुढची ओळ अशी झाली की 'तो गच्चीवर रोज सहा लिटर दूध देत होता'. आम्ही एवढं हसलो की शेजारच्या बाकावरचे आजोबा उठून गेले. म्हशीला 'ब्युफेलकू' म्हणायचं हे आता आमच्यातलं कुणी मरेपर्यंत विसरणार नाही.

त्याच उताऱ्यानं भूतकाळाचा गुंताही थोडा सोडवला. जर्मनमध्ये भूतकाळ करताना क्रियापदाच्या जोडीला 'हाट' लावायचं की 'इस्ट' यावर सगळे अडतात. आम्हाला मराठीतून एक खूण सापडली. 'म्हैस चढली', 'पाणी आलं', 'म्हैस पडली' यात कर्त्याला 'नं' नाही, तिथं 'इस्ट'. 'म्हशीनं कडबा खाल्ला' यात 'नं' आहे, तिथं 'हाट'. 'नं' असला की बहुतेक वेळा 'हाट'च लागतं. उलट बाजूनं मात्र ही खूण जास्त फसते: 'ती झोपली', 'ती हसली' यांना 'नं' नसूनही 'हाट'च लागतं. मॅडमना दाखवलं तर त्या म्हणाल्या, अपवादांची यादी वहीच्या मागच्या पानावर ठेवा.

तपासायची पद्धत आमची अशी बसली. वाचणाऱ्यानं आधी मजकुराबद्दल एक प्रश्न विचारायचा, जर्मनमध्येच. म्हैस शेवटी उतरली कशी? लिहिणाऱ्याला उत्तर द्यावंच लागतं, म्हणजे आणखी दोन ओळी झाल्या. मग समासात नुसती खूण करायची: क्रियापदाची जागा चुकली तर 'क्रि', लिंगाला 'लिं', विभक्तीला 'वि'. बरोबर शब्द लिहून द्यायचा नाही. आणि एका रविवारी एकाच खुणेमागं लागायचं, नाहीतर पान रक्तबंबाळ होतं आणि पुढच्या आठवड्यात माणूस येत नाही. बुधवारपर्यंत तोच उतारा समोरच्या पानावर नव्यानं उतरवायचा. हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि माझ्या मते निम्मा फायदा यातच आहे. ज्या वाक्यावर भांडण मिटत नाही तेवढंच मॅडमकडं न्यायचं. सगळं त्यांच्यावर टाकलं तर त्याही वैतागतात.

मोबाइलकडून भाषांतर करून आणू नका. एकानं आणलं होतं. ए-टूचा माणूस अचानक वकिलासारखं लिहायला लागला की लपत नाही.

लांबीची काळजी नको. जर्मनच्या परीक्षा घेणाऱ्या ग्योटे इन्स्टिट्यूटच्या ए-टू परीक्षेत लेखनाला 30 मिनिटं असतात आणि दोनच मजकूर, एक 20 ते 30 शब्दांचा, दुसरा 30 ते 40 शब्दांचा. बी-वनला तासाभरात 80, 80 आणि 40 शब्दांचे तीन. आठ-दहा ओळींचा सराव त्याला पुरतो.

एक गोष्ट मात्र आमच्याकडून वाईट झाली. आमच्यातल्या एकीनं वडिलांच्या दारूबद्दल लिहिलं होतं. भाषा मोडकी होती, पण ते वाचून सगळे गप्प झाले. कुणीतरी त्या पानाचा फोटो क्लासच्या मोठ्या ग्रुपवर टाकला, 'बघा किती छान लिहिलंय' म्हणून. हेतू चांगला असेल, पण ती पुढचे दोन महिने आली नाही. आली तेव्हापासून फक्त सुट्टीचं नियोजन आणि बसचं वेळापत्रक यांवरच लिहायची. तेव्हा नियम पहिल्याच दिवशी करा: वही हातानं लिहायची, हातातून हातात द्यायची, फोटो नाही.

बोलता येतं पण लिहिता येत नाही याचं फार मनावर घेऊ नका. आमच्या घरी मी आईला 'मी आलो गं' अशीच हाक मारते, कोल्हापूरच्या पोरी असंच बोलतात, आणि शाळेच्या वहीत 'मी आले' लिहून मार्क घेतलेत. बोलायची एक आणि कागदावरची एक, असा दोन्हीकडचा हिशेब आपल्याला लहानपणापासून येतो.

चौघं म्हणजे नेमके आहात, सहाच्या वर जाऊ नका, वह्या फिरेपर्यंत दुपार होते. आणि तपासायला पेन्सिल न्या, लाल पेन घरी ठेवा.