बुनियनची शस्त्रक्रिया ‘कॉस्मेटिक’ म्हणून विमा कंपनी दावा नाकारू शकते का?

प्रश्न : मी कोल्हापुरात माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे, वय ५२. उजव्या पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी हाड बाहेर येऊन (यालाच बुनियन म्हणतात) इतके दुखत होते की वर्गात उभे राहवत नव्हते. पुण्यात बारीक छिद्रांतून शस्त्रक्रिया झाली आणि त्याच संध्याकाळी मला घरी सोडले. माझी पॉलिसी सहा वर्षे खंड न पडता चालू आहे. तरीही १ लाख ७० हजार रुपयांचा दावा दोन कारणे देऊन नाकारला : शस्त्रक्रिया कॉस्मेटिक होती, आणि मी २४ तास रुग्णालयात नव्हते. डावा पायही करायचा आहे. काय करावे?

उत्तर : आपण पाठवलेले नकारपत्र, पॉलिसी आणि रुग्णालयाचे कागद मी नीट वाचले. दोन्ही कारणांना उत्तर देता येते, असे माझे मत आहे. मात्र आपल्या कागदांत एक कच्चा दुवाही आहे, तो पुढे सांगते.

आधी २४ तासांचा मुद्दा घेऊ. आपल्या पॉलिसीत ‘डे केअर उपचार’ अशी स्वतंत्र व्याख्या आहे, आणि नकारपत्रात तिचा उल्लेखही नाही. भूल देऊन रुग्णालयात केलेली जी शस्त्रक्रिया तंत्रज्ञानातील प्रगतीमुळे २४ तासांच्या आत पूर्ण होते, पण एरवी जिच्यासाठी २४ तासांहून अधिक दाखल राहावे लागले असते, ती या व्याख्येत बसते. जुन्या पद्धतीत पायावर काही सेंटिमीटरची चीर देऊन सांधा उघडावा लागतो. आपल्या शस्त्रक्रियेत दोन-तीन मिलिमीटरच्या छिद्रांतून बारीक बर (हाड कापणारे फिरते अवजार) आत घालून, एक्स-रेच्या पडद्यावर पाहत हाड कापले, सरकवून सरळ केले आणि स्क्रूने बसवले. हाड दोन्ही पद्धतींत कापावेच लागते. फरक आहे तो भोवतालच्या मांसपेशींना होणाऱ्या इजेत, आणि म्हणूनच आपण कडक तळव्याचा बूट घालून त्याच दिवशी घरी जाऊ शकलात. कंपनी कदाचित म्हणेल की उघडी शस्त्रक्रियाही हल्ली अनेक ठिकाणी एका दिवसात होते. त्यामुळे ‘आपल्या प्रकृतीत आणि या रुग्णालयाच्या पद्धतीनुसार उघड्या शस्त्रक्रियेसाठी किती दिवस दाखल ठेवले असते’ हे सर्जनकडून लेखी घ्या. पुढचे बरेच काही या पत्रावर अवलंबून राहील.

कॉस्मेटिक उपचारांची वगळणूक आरोग्य विम्याच्या पॉलिसींत प्रमाणित शब्दांत असते. केवळ रूप बदलण्यासाठी केलेले उपचार ती वगळते, पण प्रत्यक्ष व तात्काळ आरोग्य-धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तसे प्रमाणित केलेले उपचार तिच्याबाहेर ठेवते. कंपनी ‘तात्काळ’ या शब्दावर जोर देईल. त्याआधीचा प्रश्न आपण विचारायचा : हे उपचार रूप बदलण्यासाठी होते, हे कशावरून? अंगठ्याचा तिरकेपणा साधारण १५ अंशांपर्यंत सामान्य मानला जातो, आणि आपल्या एक्स-रे अहवालात तो ३४ अंश आहे. वगळणूक लागू होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी विमा कंपनीची असते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ईशर दास मदन लाल प्रकरणात स्पष्ट केले आहे. शब्दरचना संदिग्ध असेल तर तिचा अर्थ विमेदाराच्या बाजूने लावायचा, हे तत्त्व तर १९६६ च्या चांदमल जैन निकालापासून मान्य आहे.

आता कच्चा दुवा. पहिल्या भेटीच्या ओपीडी कागदावर ‘पाय विद्रूप दिसतो’ अशी तक्रार वेदनेच्या आधी लिहिली आहे, आणि कंपनी ती ओळ नक्की वाचणार. कृपया तो कागद बदलून घेऊ नका, आणि डॉक्टरांनाही तशी गळ घालू नका. जुन्या नोंदीत फेरफार झाल्याचे दिसले तर खरा दावाही बुडतो. त्याऐवजी आजच्या तारखेचे स्वतंत्र प्रमाणपत्र घ्या. वेदना किती होत्या, चालण्यावर काय परिणाम झाला, रुंद चपला, पॅड, गोळ्या आणि व्यायाम करूनही आराम का पडला नाही, हे त्यात असावे. त्या औषधांची बिले आणि पाय दुखतो म्हणून घेतलेल्या रजांची शाळेतील नोंद सोबत जोडा.

हे सर्व कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे पाठवा. दावा नाकारण्यापूर्वी दावा पुनरावलोकन समितीची मान्यता घेतली होती का, हेही त्याच पत्रात विचारा, कारण २०२४ पासून विमा नियामकाने ती बंधनकारक केली आहे. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा नकार कायम राहिला, तर एक वर्षाच्या आत पुण्यातील विमा लोकपालांकडे तक्रार करता येते. तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो, आपल्यावर नाही. तो मान्य नसेल तर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग खुला राहतो. क्रम मात्र उलटा करू नका, कारण ग्राहक आयोगात प्रकरण चालू असताना लोकपाल तक्रार घेत नाहीत. ग्राहक आयोगाची दोन वर्षांची मुदत पत्रव्यवहार करत राहिल्याने वाढत नाही, म्हणून ती संपण्याची तारीख आजच लिहून ठेवा.

पुढे कंपनी ‘आजार जुना होता’ असे नवे कारण काढील, अशी भीती आपण पत्रात व्यक्त केली आहे. नकारपत्रात नसलेले कारण नंतर आणता येत नाही, हे २०१९ च्या सौराष्ट्र केमिकल्स निकालाने सांगितले आहे. शिवाय पॉलिसीचे सलग ६० महिने पूर्ण झाल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती लपवल्याचा आक्षेप घेता येत नाही. मात्र कॉस्मेटिक वगळणुकीवर या ६० महिन्यांचा काही परिणाम होत नाही, म्हणून तक्रारीत त्यावर भर देऊ नका.

डाव्या पायाची शस्त्रक्रिया वेदना सहन होत असतील तर थोडी पुढे ढकला. तारीख ठरवण्यापूर्वी रुग्णालयामार्फत कंपनीकडे पूर्वमंजुरीचा अर्ज करा, त्यात डे केअर व्याख्येचा उल्लेख करून सर्जनचे प्रमाणपत्र आणि एक्स-रे जोडा, आणि कंपनीचे उत्तर फोनवर न घेता ईमेलवरच मागा.