गल्फहून परतलेल्या निवृत्ताला सरकारी आरोग्य संरक्षण

प्रश्न : मी मूळचा निपाणी भागातील. कुवेतमध्ये 31 वर्षे नोकरी करून 67 व्या वर्षी पत्नीसह कायमचा गावी परतलो आहे. इकामा (तिथला निवास परवाना) संपल्याबरोबर तिथला विमाही संपला. मला मधुमेह आहे. इथला एक एजंट बीपीएल रेशन कार्ड काढून देतो म्हणतो, म्हणजे पाच लाखांचे उपचार मोफत होतील. ते घ्यावे काय? पासपोर्ट आणि आधारवरील जन्मवर्षांत तीन वर्षांचा फरक आहे, त्याने काही अडेल काय?

उत्तर : एजंटाच्या वाटेला जाऊ नये. कर्नाटकात वार्षिक कौटुंबिक उत्पन्न 1.20 लाखांवर असल्यास किंवा घरात आयकर भरणारा असल्यास बीपीएल कार्ड मिळत नाही. 2024 च्या अखेरीस अशा कार्डांची छाननी झाली, तेव्हा दारात मुलाची चारचाकी उभी असलेल्यांचीही धावपळ उडाली होती.

आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत पाच लाखांचे संरक्षण बीपीएल कुटुंबांना आहे. इतरांसाठी सरकार ठरावीक पॅकेज दराच्या 30 टक्के रक्कम भरते आणि त्यालाही कुटुंबामागे वर्षाला दीड लाखांची मर्यादा आहे. म्हणजे एक लाखाच्या शस्त्रक्रियेत 30 हजार सरकारचे आणि 70 हजार आपले. आधीपासून ठरवलेल्या मोठ्या उपचारासाठी थेट खासगी रुग्णालयात जाऊन चालत नाही. आधी सरकारी रुग्णालयात दाखवावे लागते आणि तिथे सोय नसेल तर ते रेफरल पत्र देतात. तातडीच्या प्रसंगी मात्र ही अट आडवी येत नाही.

आपण आज करण्याजोगे काम आहे ते जन्मतारखेचे, आणि ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. सत्तरी पूर्ण केलेल्यांसाठी केंद्राने 29 ऑक्टोबर 2024 रोजी सुरू केलेल्या आयुष्मान वय वंदना कार्डाला उत्पन्नाची अट नाही आणि संरक्षण पाच लाखांचे आहे, परंतु वय आधारवरूनच मोजले जाते. आधारवर आपण तीन वर्षांनी लहान असाल, तर सत्तरीही तीन वर्षे उशिरा येईल. पासपोर्ट दाखवून ही तारीख दुरुस्त करता येते. ती दुरुस्ती एकदाच होते, म्हणून पावतीवरचे आकडे आधार केंद्रातच, चष्मा लावून, वाचून घ्यावेत. पुढे कार्ड हाती आले तरी भरती होण्यापूर्वी त्या रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून (योजनेची माहिती देणाऱ्या कर्मचाऱ्याकडून) ते तिथे चालते की नाही याची खात्री करून घ्यावी.

तोवरच्या तीन वर्षांसाठी खासगी पॉलिसी घ्यावी, असे माझे मत आहे. 1 एप्रिल 2024 पासून नव्या पॉलिसीसाठी 65 वर्षांची अट राहिलेली नाही. मधुमेह लपवू नये. आधीच्या आजारांचा खर्च मिळू लागेपर्यंतची प्रतीक्षा जास्तीत जास्त 36 महिन्यांची असते, आणि ती आज सुरू झाली तरच वेळेत संपेल.

महाराष्ट्र सरकारने 2023 मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना (मोफत उपचारांची राज्य योजना) कर्नाटकातील सीमाभागातील 865 गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला, त्याला कर्नाटकने आक्षेप घेतला होता. आपले गाव त्या यादीत असल्यास कोल्हापूरला जाण्याआधी तिथल्या रुग्णालयाला फोन करून कोणती कागदपत्रे मागतात ते विचारावे, कारण कन्नडमधील रेशन कार्ड हाती धरून खिडकीपाशी उभे राहिल्यावर हा खुलासा होणे फार उशिराचे ठरते.