पीपीची (पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिकची) ग्रेड बदलली आणि इम्पॅक्ट (धक्का सोसायची ताकद) पडला. रबर तर तेच आहे, मग असं का?

तुमचं पीपी ११ एमएफआयवरून (मेल्ट फ्लो इंडेक्स, वितळ किती सहज वाहतो त्याचा आकडा) ३५ वर गेलं. ईपीडीएम, म्हणजे त्यात मिसळलेलं रबर, तेच, २० टक्केच, मशिनही तेच. साचा झटपट भरतो, पण नॉच्ड आयझॉड (खाच पाडलेल्या तुकड्यावरची धक्का चाचणी) निम्म्यावर आला. रबराच्या लॉटवर संशय घेण्याआधी विस्कॉसिटीकडे, म्हणजे वितळाच्या घट्टपणाकडे, बघा.

थोडा वाटा पीपीचा आहेच. एमएफआय जास्त म्हणजे साखळ्या आखूड, आणि असं पीपी मुळातच जरा ठिसूळ. पण एवढी घसरण बहुधा रबराचे थेंब मोठे झाल्यामुळे असावी.

ईपीडीएम पीपीत विरघळत नाही, थेंबांच्या रूपात पसरतं. थेंबाला ओढून फोडतो तो भोवतालचा पीपीचा वितळ: त्याची विस्कॉसिटी गुणिले शिअर रेट (थर एकमेकांवर सरकण्याचा दर), एवढा ताण थेंबावर येतो. पृष्ठताण थेंबाला गोल ठेवू पाहतो, आणि थेंब जितका लहान तितका जास्त. पीपी पातळ झालं की फोडणारा ताण घटतो, वर रबर त्याच्या तुलनेत आणखी घट्ट ठरतं. ब्रिटिश शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी १९३४ मध्येच दाखवलं होतं की भोवतालच्या द्रवापेक्षा फार घट्ट थेंब साध्या शिअरमध्ये फुटत नाही, नुसता गरगरत राहतो. साध्या द्रवांसाठी ही मर्यादा थेंब आणि भोवतालचा द्रव यांच्या विस्कॉसिटीचं गुणोत्तर ४ च्या आसपास धरतात. पॉलिमर लवचीक असल्याने ती इतकी काटेकोर राहत नाही. पण दोन्ही विस्कॉसिटी जवळपास सारख्या असताना थेंब सर्वांत बारीक होतात, हे बहुतेक वेळा खरं ठरतं.

इथे एक घोळ नेहमी होतो. पीपीचा एमएफआय २३० अंशांवर मोजतात, ईपीडीएमची मूनी (कच्च्या रबराच्या घट्टपणाचा आकडा) बहुधा १२५ वर. या दोन आकड्यांची तुलना करून काहीच कळत नाही. कॅपिलरी ऱ्हिओमीटरवर (वितळ बारीक नळीतून ढकलून विस्कॉसिटी मोजणारं यंत्र), तुमच्याच तापमानाला, सेकंदाला शंभरच्या आसपास शिअर रेटला दोन्ही मोजून घ्या.

उपाय म्हणून कमी मूनीचं रबर घ्या. नाहीतर रबर आधी कमी एमएफआयच्या पीपीत मिसळून मास्टरबॅच करा आणि तो ३५ मध्ये सोडा. मिक्सिंग झोनचं तापमान थोडं उतरवूनही बघा. नुसता आरपीएम वाढवला तर वितळ तापतो, पीपी आणखी पातळ होतं आणि मिळवलेलं बरंचसं तिथेच जातं.

टीपीव्हीत (पीपी आणि क्रॉसलिंक केलेल्या रबराचं लवचीक मिश्रण) विस्कॉसिटीतला हाच फरक मुद्दाम वापरतात. रबर निम्म्याहून जास्त असूनही मिसळतानाच ते क्रॉसलिंक करतात (त्याच्या साखळ्या एकमेकींना जोडतात), त्याची विस्कॉसिटी चढते आणि पातळ पीपी बाहेरचा सलग भाग बनतं.

तरी आधी दोन्ही लॉटचे तुकडे द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून मोडा, रबर सॉल्व्हंटने काढा आणि एसईएमखाली (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली) बघा. नव्या लॉटमधली भोकं जुन्याइतकीच बारीक निघाली, तर माझं निदान चुकलं. मग पीपीच बदला.