'शुभवर्तमान'मधले 'वर्तमान' आणि 'मार्ककृत'मधले 'कृत'

प्रश्न असा : नवा करार (बायबलचा ख्रिस्ती भाग, मूळ ग्रीक) प्राचीन वाङ्मय म्हणून वाचताना त्यातल्या 'मार्ककृत शुभवर्तमान' या येशूविषयीच्या ग्रंथाच्या शीर्षकातले 'वर्तमान' म्हणजे चालू काळ का? आणि 'कृत' आहे म्हणून मार्क हाच लेखक धरायचा का?

दोन्हींचे उत्तर नाही. जुन्या पत्रांत नि बखरींत 'वर्तमान कळले' म्हणजे बातमी कळली. 'वर्तमानपत्रा'त तोच अर्थ टिकून आहे. 'शुभवर्तमान'चा मूळ ग्रीक शब्द 'एउआंगेलिऑन'. 'एउ' म्हणजे शुभ, 'आंगेलिआ' म्हणजे निरोप. तेव्हा मराठी प्रतिशब्द अगदी चपखल. होमरच्या 'ओडिसी'त (सर्ग १४) मात्र या शब्दाचा अर्थ चांगली बातमी आणणाऱ्याला मिळणारे बक्षीस असा आहे. आशिया मायनरमधल्या प्रीएने या ग्रीक शहरातल्या इ.स.पू. ९च्या शिलालेखात तो अनेकवचनात, ऑगस्टस सम्राटाच्या जन्मदिवसासंदर्भात येतो. मार्कच्या पहिल्याच ओळीत हा शब्द आहे; ग्रीक श्रोत्याला त्यात दरबारी दवंडीही ऐकू आली असेल.

बातमीचे ग्रंथनाम व्हायला वेळ लागला. ख्रिस्ती धर्मप्रचारक पौल याच्या नव्या करारातल्या पत्रांत (इ.स. ५०च्या दशकातली) 'एउआंगेलिऑन' म्हणजे तोंडी सांगितलेला संदेश, पुस्तक नव्हे. इ.स. १५५च्या सुमारास जस्टिन हा ख्रिस्ती लेखक 'प्रेषितांच्या' (येशूच्या निवडक शिष्यांच्या) 'आठवणीं'ना हे नाव अनेकवचनात देतो, तिथे ग्रंथ हा अर्थ स्पष्ट आहे. ('बखर' शब्द 'खबर'वरून आला ही प्रचलित व्युत्पत्ती धरली, तर आपल्याकडेही बातमीचाच वाङ्मयप्रकार झाला म्हणायचा.)

मराठी पवित्र शास्त्राने (बायबलच्या भाषांतराने) इथे एका शब्दाचे दोन केले : शीर्षकात 'शुभवर्तमान', मजकुरात 'सुवार्ता'. वाचायला सोयीचे, पण अभ्यासाला अडचणीचे. मार्क १:१मधली 'सुवार्ता' आणि ग्रंथाचे नाव मुळात एकच आहेत हे मराठीत दिसतच नाही. म्हणून टिपणे काढताना 'सुवार्ता' आली की कंसात मूळ शब्द देवनागरीत लिहावा, आणि पौलाच्या उताऱ्यात तिचा अर्थ ग्रंथ असा लावू नये.

आता 'कृत'. हा खरा घोटाळा. 'कृत' म्हटले की कर्ता ठरून जातो. ग्रीक शीर्षकात 'काता मार्कॉन' आहे, म्हणजे 'मार्कनुसार'. चौथ्या शतकातल्या व्हॅटिकन हस्तलिखितात तर एवढेच दोन शब्द आहेत. लेखकाचे नाव एरवी षष्ठीत देत. इथे ते टाळले आहे. मजकुरात लेखक स्वतःचे नाव कुठेच सांगत नाही, आणि शीर्षके मागाहून जोडली गेली असे बहुतेक अभ्यासक मानतात. तेव्हा 'मार्क म्हणतो' असे खुशाल लिहावे, पण ते ग्रंथाचे नाव म्हणून. व्यक्तीबद्दलचा पुरावा म्हणून नव्हे.

शीर्षकावरून वाङ्मयप्रकारही ठरवू नये. १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ सापडलेल्या कॉप्टिक (जुन्या इजिप्ती भाषेतल्या) हस्तलिखितांतल्या एका ग्रंथाच्या अखेरीस 'थोमानुसार शुभवर्तमान' असेच नाव आहे. आत मात्र ११४ वचने आहेत. जन्मकथा नाही, वधस्तंभाची हकीकतही नाही.