जुन्या मारुती 800 चं सस्पेन्शन आणि व्हील बेअरिंग घरी दुरुस्त करता येतं का?

तुमची गाडी 2000 सालची, पन्नासच्या पुढे गेलं की पुढून घूंऽऽ आवाज येतो, खड्ड्यात खटखट होते, आणि मेकॅनिक म्हणतोय मोडीत काढा. घरी होईल का आणि खर्च किती, असं विचारलंय. घरी होईल. बेअरिंग, म्हणजे ज्यावर चाक फिरतं ते, घुमतंय म्हणून गाडी मोडीत काढायला सांगणाऱ्याकडे परत जाऊ नका.

माझी 98 ची 800, कोल्हापूर पासिंग. 2011 च्या पावसाळ्यात रत्नागिरीहून येताना आंबा घाटात हाच आवाज सुरू झाला. डावं वळण आलं की वाढायचा, उजव्या वळणाला जवळजवळ बंद. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर येतो, म्हणजे उजवं बेअरिंग गेलेलं. हे तेव्हा मला कळत नव्हतं. ओळखीच्या गॅरेजला गाडी दिली, संध्याकाळी नवीन बेअरिंग बसवून मिळाली, आवाज गेला. अडीच हजार किलोमीटरही झाले नसतील, पुन्हा घूंऽऽ. गॅरेजवाला म्हणाला, "रस्ते बघा की साहेब." त्याचं एक वेळ समजू शकतो. पण माझा थोरला भाऊ चारचौघांत, जेवणाच्या पंगतीत म्हणाला, "तू गाडी खड्ड्यातनं हाणतोस, बेअरिंग काय करणार?" मी वीस वर्षं गाडी चालवतोय, खड्डा दिसला की दुसरा गिअर टाकणारा माणूस आहे. ते फार लागलं.

म्हणून ठरवलं, आता मीच खोलणार. चाक जमिनीवर असतानाच स्प्लिट पिन (नट फिरू नये म्हणून घातलेली दुपाखी पिन) काढून अ‍ॅक्सलचा, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्याचा, नट सैल केला. जॅकवर घेतल्यावर तो सुटत नाही आणि जोर लावताना गाडी कलंडते. पाना लावून पाइप चढवला आणि त्यावर उभा राहिलो तेव्हा कुठे हलला. मग जॅक, खाली घोडी (गाडी पेलणारा लोखंडी स्टँड), चाक बाहेर. कॅलिपर (ब्रेकची डिस्क पकडणारा भाग) सोडून तारेनं स्प्रिंगला टांगला, कारण ब्रेकच्या पाइपावर लोंबत ठेवला तर पाइप खराब होतो. हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) ओढून घेतलं, नकल (ज्या लोखंडी घरात बेअरिंग बसतं ती) काढली आणि ती पिशवीत घालून कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात प्रेसवर, म्हणजे बेअरिंग दाबून काढणाऱ्या-बसवणाऱ्या यंत्रावर, नेली. हे शेवटचं वाक्य नीट वाचा. घरी बेअरिंग ठोकायचं नाही. खोलणं आणि बसवणं घरी, दाबणं प्रेसवर.

प्रेसवाल्याकडून जुनं बेअरिंग परत मागून घेतलं. त्यात एक आतली रिंग, एक बाहेरची आणि मधल्या चरीत गोळ्या असतात. ग्राइंडरनं बाहेरची रिंग कापली. आतल्या चरीत खळगे होते, मसुराच्या दाण्याहून बारीक, एकसारख्या अंतरावर, जेवढ्या गोळ्या तेवढे. ते चरीच्या तळाला नव्हते, एका कडेला होते आणि पूर्ण गोल फिरलेले. खड्ड्याचा मार चाकावर खालून येतो. त्यानं खूण पडलीच तर चरीच्या तळाशी आणि रिंगच्या एकाच भागात पडेल. कडेला, सगळीकडून सारखी खूण पडते ती बेअरिंग बसवताना आतल्या रिंगवर हातोडा मारला की. नकलमध्ये घट्ट बसते ती बाहेरची रिंग. आतल्या रिंगवर मारलं की सगळा जोर गोळ्यांमधून बाहेरच्या रिंगला जातो, आणि गोळ्या तिथं आपला ठसा उमटवतात. म्हणजे ते बेअरिंग गॅरेजमधून निघतानाच मेलेलं होतं. मी खड्ड्यातून हाणलेली नव्हती.

ती कापलेली रिंग मी दादाला दाखवली. त्यानं हातात घेतली, बोट फिरवलं, "असेल" म्हणाला आणि विषय बदलला. प्रेसवर बसवलेलं बेअरिंग मात्र पुढे गाडी विकेपर्यंत घुमलं नाही, 2018 पर्यंत, त्याच आंबा घाटात आणि त्याच खड्ड्यांत.

तुमच्या गाडीचं आधी नक्की करा. जॅकवर घेऊन एका हातानं चाक फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं स्प्रिंगवर ठेवा. बेअरिंग खराब असेल तर कानाला कळायच्या आधी बोटांना खरखर कळते. चाक वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडून. फक्त डावी-उजवीकडून हललं तर बहुतेक टायरॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचं टोक) खराब. वर-खाली हललं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (नकल आणि खालचा आर्म जोडणारा गोळीचा सांधा). कुणाला तरी ब्रेक दाबून ठेवायला सांगा, तरीही हललं तर बॉल जॉइंट. एका चाकाला दोन बेअरिंगं असतात; प्रेसवर त्यांच्या मधला स्पेसर (अंतर राखणारा नळीचा तुकडा) परत घालायला लावा. तो राहिला तर नट आवळताना आतल्या रिंगा एकमेकींकडे ओढल्या जातात आणि नवी जोडी महिन्याभरात जाते. ऑइल सील (ग्रीस आत आणि पाणी बाहेर ठेवणारं रबर) जुनंच बसवू नका, कोल्हापूरच्या पावसात तर नाहीच.

खटखट बहुतेक वेळा लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) बुशची, म्हणजे रबरी सांध्याची, किंवा स्टॅबिलायझर बारच्या रबरांची असते. बुश घरी बदलता येतात. पण बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. चाक लोंबत असताना आवळलेलं रबर गाडी खाली उतरली की कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. निम्मी गॅरेजं हे पाळत नाहीत आणि मग नावं रस्त्याला ठेवतात.

शॉकअप बदलायचा असेल तर स्प्रिंग घरी उघडू नका. तारेनं किंवा दोरीनं बांधून स्प्रिंग दाबणारे मी पाहिलेत. ती सुटली तर हात जातो. ते काम बाहेर द्या, मला त्यात कमीपणा वाटत नाही. आणि गाडीखाली नुसत्या जॅकवर कधीच जाऊ नका, हे खरं तर पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं.

अ‍ॅक्सलचा नट किती आवळायचा ते मॅन्युअलमध्ये बघून टॉर्क पान्यानं (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्यानं) आवळा आणि स्प्लिट पिन नवीन घाला. सगळं झालं की अलाइनमेंट करून घ्या. खर्चाचं मी काय सांगू, माझे भाव 2011 चे. बेअरिंग चांगल्या कंपनीचं घ्या, प्रेसवाल्याशी घासाघीस करू नका, आणि जुनं बेअरिंग परत मागून घ्यायला विसरू नका.