एक्स अक्ष मधेच झोपतो, ड्रायव्हर बदलूनही!

प्रश्न : घरी छोटा सीएनसी राऊटर (संगणकाच्या हुकमाने कोरकाम करणारं यंत्र) बनवलाय. अर्डुइनो ऊनो, त्यावर बसणारा सीएनसी शील्ड बोर्ड, मोटरला करंट देणारे ए४९८८ ड्रायव्हर, १.५ अँपच्या नेमा १७ स्टेपर मोटर (स्टेप-स्टेपने फिरणाऱ्या), २४ व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय). पहिली दहा-पंधरा मिनिटं मस्त चालतं, मग एक्स अक्ष मधेच गप्प, दोन सेकंदांनी परत चालू, तोवर डिझाइनची वाट लागलेली असते. व्हीरेफ (ड्रायव्हरची करंट-मर्यादा ठरवणारं व्होल्टेज) ०.८ व्होल्टच ठेवलाय, व्हिडिओत सांगतात तसा. ड्रायव्हर बदलला तरी तेच, दुसरा लावला तर तो लगेच गेला. मोठा एसएमपीएस घेऊ का?

उत्तर : थांबा, एसएमपीएसला हात लावू नका. सप्लाय कमी पडत असता तर तिन्ही अक्ष एकदम पळताना गडबड झाली असती, अशी दहा-पंधरा मिनिटांनी नाही. हे गरम होण्याचं लक्षण आहे. ए४९८८ ची चिप आतून साधारण १६५ डिग्रीला पोचली की स्वतःच आउटपुट बंद करते आणि जरा निवली की परत चालू होते, पण जीआरबीएलला (अर्डुइनोतल्या कंट्रोल प्रोग्रॅमला) यातलं काहीच कळत नाही, तो आपला स्टेप पाठवतच राहतो, म्हणून तेवढ्या स्टेप हरवतात आणि पुढचं सगळं काम सरकतं.

आता ते ०.८ व्होल्ट. चिपच्या शेजारी दोन छोटे काळे रेझिस्टर असतात, मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून बघा काय छापलंय. आर१०० असेल तर ०.८ व्होल्ट म्हणजे १ अँप. पण आर०५० असेल तर त्याच ०.८ व्होल्टला २ अँप होतात! हिशोब सोपा आहे, व्हीरेफ म्हणजे करंट गुणिले ८ गुणिले रेझिस्टरचे ओहम. आर०६८ वाले बोर्डही फिरतात, तिथे १ अँपला साधारण ०.५४. व्हिडिओवाल्याचा बोर्ड वेगळा असेल, त्याचा आकडा तुमच्याकडे कसा चालेल? माझा संशय आर०५० वर आहे, कारण २ अँप म्हणजे या ड्रायव्हरची अगदी कमाल मर्यादा, हीटसिंक आणि फॅन असूनही तो तिथे टिकत नाही. तुमची मोटर तर दीड अँपचीच आहे, म्हणजे तीही भाजत असणार.

मापताना मल्टिमीटरची काळी प्रोब ग्राउंडला आणि लाल प्रोब ड्रायव्हरवरच्या व्हीरेफ ठरवणाऱ्या इवल्याशा पॉटच्या धातूच्या स्क्रूला. मी तर लाल प्रोब मगरक्लिपने स्क्रूड्रायव्हरलाच अडकवतो, म्हणजे फिरवता फिरवता आकडा दिसतो, फक्त टोक घसरून शेजारच्या पिनला लागलं तर ड्रायव्हर गेलाच समजा (माझे दोन गेलेत असे). १ अँपवर आणा, वर एक छोटा फॅन लावा आणि हीटसिंक पिनांना टेकत नाही ना तेही बघून घ्या. ताकद कमी वाटली तर हळूहळू वाढवा, किंवा मग डीआरव्ही८८२५ घ्या, पण त्याचा पॉट ए४९८८ च्या उलट बाजूला असतो, तेव्हा पॉट बघून न लावता ईएन (इनेबल) पिन जुळवून लावा.

आणि तो दुसरा ड्रायव्हर लगेच का गेला? सप्लाय चालू असताना मोटरचा कनेक्टर काढला-घातला होता का, खरं सांगा. कॉइलमधला करंट एकदम तुटला की व्होल्टेजचा जो झटका बसतो त्यात ड्रायव्हर मरतो. क्रिंप (कनेक्टरमधली दाबून बसवलेली जोडणी) ढिली असेल तर तुम्ही हात न लावताही हेच होतं, म्हणून वायर जरा ओढून बघा. नवीन ड्रायव्हर लावायच्या आधी शील्डच्या मोटर सप्लायवर १०० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर आहे ना तेही बघा.

एसएमपीएसचं म्हणाल तर दीड अँपसाठी कॉइलला साधारण तीन-चार व्होल्टच लागतात, ड्रायव्हर २४ मधून चॉप करून (झटपट चालू-बंद करून) तेवढं देतो, त्यामुळे सप्लायमधून ओढलेला करंट मोटरच्या रेटिंगच्या बेरजेपेक्षा बराच कमी असतो. लोक उगाच बेरीज करून दुप्पट मोठा डबा आणतात.

प्रश्न : स्पिंडल (कापणारं टूल फिरवणारी मोटर) चालू केला की मशीन मधेच थांबतं. सप्लायचा प्रॉब्लेम असेल का?

उत्तर : थांबल्यावर सेंडरमध्ये (संगणकावरून मशीनला काम पाठवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) काय दिसतं ते आधी बघा. अलार्म १ असेल तर लिमिट स्विचच्या (अक्षाच्या टोकाला मशीन थांबवणाऱ्या स्विचच्या) वायरनी नॉइज (नको असलेले विजेचे झटके) पकडलाय. जीआरबीएलचा सुरुवातीचा मेसेज परत आला असेल तर कंट्रोलर रिसेट झालाय, आणि ऊनो यूएसबीवर चालत असेल तर एसएमपीएस दबल्यामुळे तो सहसा रिसेट होत नाही, तिथेही संशय नॉइजवरच. ७७५ सारखी ब्रशवाली मोटर म्हणजे नॉइजची खाणच. तिच्या दोन टर्मिनलमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कॅपॅसिटर सोल्डर करा, तिला वेगळा सप्लाय द्या, लिमिटच्या वायर स्पिंडलच्या वायरपासून लांब न्या. शील्डेड केबल असेल तर तिचं शील्ड एकाच टोकाला ग्राउंड करा. स्विच नॉर्मली क्लोज्ड (एरवी जोडलेले, दाबल्यावर तुटणारे) जोडले तर आणखी फरक पडतो, जीआरबीएलमध्ये डॉलर ५ ($5) ही सेटिंग बदलायला मात्र विसरू नका.

प्रश्न : नवीन मोटर फिरतच नाही, नुसती गुणगुणत थरथरते.

उत्तर : बहुतेक कॉइलच्या वायरच्या जोड्या चुकल्यात. सप्लाय बंद करून मोटर काढा, कुठल्याही दोन वायर एकमेकींना टेकवा आणि शाफ्ट हाताने फिरवा. जड झाला तर ती जोडी, नाही तर पुढची वायर घ्या.